पाठीवरचं नाव

"काका, तुमचं म्हणणं मला पटतंय हो. पण नुसतं पटून काय करू? स्कोअरशीटवर राजेश ठोंबरे आहे. आयोजकांच्या यादीत राजेश ठोंबरे आहे. फोटोत खेळाडूच्या पाठीवरसुद्धा तेच नाव आहे."

"पाठीवर नाव त्याचं हाय, पण पाठ माझी हाय ना!" सुलेमान धनसे फोनवर ओरडला.

शिळफाट्याच्या त्याच्या मोटर दुरुस्तीच्या दुकानात समोर पंपाची मोटर उघडी पडली होती. मुलगी सिद्रा फोन हातात धरून उभी होती. तिने खुणेनेच आवाज खाली घ्यायला सांगितलं. पलीकडचा योगेंद्र भला माणूस होता. डार्ट्सच्या जागतिक सांघिक स्पर्धेचा इतिहास तो तीन वर्षं लिहीत होता. देशादेशांच्या जोड्या, पहिल्या वर्षापासूनचे निकाल, बदलत गेलेले नियम, सगळं त्याच्या पुस्तकात येणार होतं. भारताला त्यात चार पानं होती आणि बारा वर्षांपूर्वीच्या सामन्याला एक ओळ : 'पहिल्या फेरीत ५–२ असा पराभव, खेळाडू सुनील आणि राजेश ठोंबरे.'

सुलेमानने पासपोर्टवरच्या शिक्क्याचा फोटो पाठवला होता. योगेंद्रचं म्हणणं, शिक्क्यावरून तुम्ही तिथे गेलात हे कळतं, खेळलात हे कळत नाही. प्रेक्षकही व्हिसा काढूनच येतात. साथीदार सुनील करोनात गेला. डार्ट्स संघटनेचे त्या वेळचे सचिव फोन उचलत नव्हते.

"फोटोतला हात बघा. डावा हाय. राजेश उजव्या हातानं टाकतो," सुलेमान म्हणाला.

"मग त्यांच्याकडून तेवढंच लिहून आणा. मी खेळलो नाही, धनसे खेळले. दोन ओळी आणि सही. सोमवारी पुस्तक छापायला जातंय, काका."

फोन बंद झाल्यावर सुलेमान बराच वेळ मोटरीतली जळकी तार ओढत बसला. ती तुटून तुटून येत होती.

त्या वेळी तो रसायनीच्या एका कारखान्यात फिटर होता. पाळी सुटल्यावर करमणूक खोलीत बोर्डासमोर उभं राहायचं, एवढाच त्याचा खेळ. पाचशे एकपासून वजा करत शून्यावर यायचं आणि शेवटचा बाण बोर्डाच्या बाहेरच्या अरुंद पट्टीत मारायचा. त्या पट्टीला डबल म्हणतात. भल्याभल्यांचा हात तिथे थरथरतो. सुलेमानचा थरथरत नसे. तरी संघात निवड राजेशची झाली होती, सुलेमान राखीव होता. निघायला आठ दिवस असताना राजेशचा व्हिसा नाकारला गेला, राखीव म्हणून मागितलेला सुलेमानचा मिळाला, आणि तो गेला. शर्ट आधीच छापून आले होते आणि आयोजकांकडच्या यादीतलं नावही कोणी बदललं नाही. सुनील म्हणाला, "नाव कोण वाचतंय रं? तू फक्त बोर्डाकडं बघ."

बारा वर्षं त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. कारखान्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मग कारखान्याने ती खोली गोदामाला दिली, माणसं पांगली, आणि आता हे पुस्तक.

"अब्बा, मी येऊ?" सिद्राने विचारलं. कागद तिनेच टाईप केला होता.

"नको. सही मागायला दोघं कशाला?"

रविवारी दुपारी तो स्कूटरवरून कर्जत ओलांडून कळंबला पोचला. राजेश तिथल्या एका रिसॉर्टमध्ये पाहुण्यांना डार्ट्स शिकवत असे. पत्र्याच्या शेडमध्ये बोर्ड होता आणि शेजारी पुरुषभर उंचीचा फोटो. पाठमोरा माणूस, वर उचललेला डावा हात, पाठीवर ठोंबरे. स्वतःच्या पाठीकडे सुलेमान पहिल्यांदाच इतका वेळ पाहत राहिला. टक्कल पडायच्या आधीचं डोकं होतं ते.

समोर राजेश सात-आठ पाहुण्यांना बाण कसा धरायचा ते दाखवत होता. त्याने पाय पुढे घेतला आणि बाण टाकला.

डाव्या हाताने.

बाण बोर्डाच्या खालच्या कडेला कसाबसा लटकला. पाहुणे जेवायला गेले, तेव्हा राजेशला शेडच्या खांबाशी उभा असलेला सुलेमान दिसला.

"भाई! तुमी? कवा आलात?"

"हात कवा बदललास रं?"

राजेश ओशाळला. "मालकानं फोटो लावला तवा. पहिल्याच दिवशी एक बाई म्हनाली, फोटोतला मानूस डावरा हाय, तुमी उजवे कसे? काय सांगनार? शिकलो."

"किती वर्सं झाली?"

"सहा. आता जेवतो बी याच हातानं. बायको म्हनती, सासरच्या लोकांसमोर तरी नीट जेवा."

सुलेमानला हसू आलं नाही. त्याने खिशातला कागद काढून दिला. राजेशने तो दोनदा वाचला.

"खरं हाय, भाई. शब्द न् शब्द खरा हाय."

"मग सही कर."

"सही केली तं मी कोन?"

"ते मला काय इचारतोस? सामना मी खेळलो. तुझं नाव पाठीवर घेऊन खेळलो. येवढं बी लिहून देनार नाय?"

"मी मुद्दाम नाय केलं, भाई." राजेश बाकावर बसला. "गावानं सत्कार आदीच करून टाकलेला. नाक्यावर बॅनर, गळ्यात हार. मंग व्हिसा नाय म्हनले. कोन्त्या तोंडानं घरी बसू? धा दिस मुरबाडला साडूकडं लपून ऱ्हायलो. परत आलो तं लोक इचारतात, काय झालं? सांगितलं, हरलो. तेवढं तं खरंच होतं."

"पाच–दोन."

"हां. पाच–दोन."

"त्या दोनातला एक डाव मी काढला. डबल सोळा."

"म्हाइत हाय," राजेश हळूच म्हणाला. "मी रोज सांगतो ना लोकांना."

सुलेमानच्या तोंडात शिवी आली होती. ती बाहेर पडायच्या आत पाहुणे विड्याची पानं चघळत परत आले. "सर, तो डबल सोळा राहिला की! दाखवा ना," त्यांतला एक लठ्ठ गृहस्थ म्हणाला.

राजेशने सुलेमानकडे पाहिलं. कागद सहीशिवायच घडी करून त्याने आपल्या खिशात टाकला. तो रेषेवर उभा राहिला. पहिला बाण फळीवर आपटून खाली पडला. दुसराही पडला. कोणीतरी हसलं.

सुलेमानला उभं राहवेना. खोटं सांगत होता ते एक वेळ चाललं असतं, पण हा माणूस सुलेमानचा डाव इतका वाईट खेळत होता. तो पुढे गेला आणि त्याने राजेशचं कोपर धरून चार बोटं वर उचललं.

"खाली पडतंय. हितं ठेव. खांदा हलवू नको. घाई कुनाला हाय?"

"हे कोण, सर?" लठ्ठ गृहस्थाने विचारलं.

राजेशने नजर बोर्डावरून हलवली नाही.

"मी फिटर," सुलेमान म्हणाला. "रसायनीला होतो. टाक रं आता."

तिसरा बाण सोळाच्या बाहेरच्या पट्टीत बसला. पाहुण्यांनी राजेशसाठी टाळ्या वाजवल्या. सुलेमान बोर्डापाशी गेला, बाण उपटला, खाली पडलेले दोन वाकून उचलले, त्यांची पिसं बोटांनी सरळ केली आणि तिन्ही बाण राजेशच्या डाव्या हातात ठेवले.