चौदाशे स्थळांचा संगणक

"घरात आलेल्या माणसाला टेकायला खुर्ची नाही, आणि या ठोकळ्याला मात्र स्वतंत्र टेबल, स्वतंत्र खुर्ची, वर पंखा! माझ्या आईचीसुद्धा एवढी बडदास्त नव्हती या घरात."

असं म्हणणारे गोपाळकृष्ण टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. रोज सकाळी माझ्यापासून हातभर अंतरावर बसून ते पेपर वाचत, आणि पेपर संपला की माझ्यावर येत.

मित्रांनो, तो ठोकळा म्हणजे मी. मी एक जुना संगणक आहे. नारायण पेठेतल्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या बैठकीत मी अकरा वर्षं काढली.

"विकून टाक म्हणतोय दिवाळीपासून, तर आज नाही उद्या," गोपाळकृष्णांचं चालूच.

"अहो, ऐकू येतं मला," स्वयंपाकघरातून दुर्गाबाई म्हणाल्या.

"येतं ना? मग बरं. मला वाटलं, मी यालाच सांगतोय."

दुर्गाबाई म्हणजे गोपाळकृष्णांची पत्नी आणि माझी मालकीण. त्यांनी पंचवीस वर्षं वधूवर मंडळ चालवलं आणि गेल्या दिवाळीत बंद केलं. तरी मला विकायचा विषय निघाला की त्यांना नेमकी भाजी निवडायची असे. खरं कारण घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं. माझ्या पोटात चौदाशे मुलामुलींची स्थळं होती आणि त्यांत एक स्थळ त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, पूर्णिमाचं होतं. मला विकायचं तर ते पुसावं लागणार होतं. ते पुसायचं म्हणजे काय कबूल करायचं, हे त्या घरात कोणी तोंडातून काढत नसे.

पण मी मधूनच सुरुवात केली. पहिल्यापासून सांगतो.

माझी जुळणी अठ्ठ्याण्णव साली शनिवार पेठेतल्या एका दुकानाच्या पोटमाळ्यावर झाली. माझा पडदा एका देशातला, डबा दुसऱ्या देशातला, आणि आतला पंखा कुठला ते जुळणाऱ्यालाही सांगता आलं नाही. "आयुष्यभर भरणार नाही एवढी जागा आहे यात," असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं. आज तुमच्या फोनमधले चार व्हिडिओसुद्धा माझ्यात मावायचे नाहीत. असो. पूर्णिमा तेव्हा सव्वीस वर्षांची होती, नुकती सॉफ्टवेअर कंपनीत लागलेली. माझा पडदा मांडीवर घेऊन ती रिक्षातून मला घरी घेऊन आली आणि आईला म्हणाली, "आता त्या वह्या बंद."

दुर्गाबाईंनी माझ्या पडद्यावर बोट फिरवून पाहिलं. मग विचारलं, "याला रोज पुसायचं कशाने?"

बावन्नाव्या वर्षी त्या माझ्यासमोर बसल्या आणि एका बोटाने शिकल्या. कोणतं अक्षर कुठे आहे याचा कागद त्यांनी भिंतीला चिकटवला होता. 'ळ' सापडायला त्यांना आठवडा लागला, तोवर 'ल' घालून लिहिलेली उमेदवारांची आडनावं मग त्यांनी एकेक करून दुरुस्त केली. खिडकीच्या जुन्या पडद्याच्या कापडाचा झालरवाला अभ्रा माझ्यासाठी शिवला. पहिल्या दसऱ्याला मला हळदकुंकू लावून वर झेंडू वाहिला, त्याच्या दोन पाकळ्या फ्लॉपीच्या फटीत गेल्या. पूर्णिमाने चिमट्याने त्या काढल्या.

"आई, देवाला फुलं आवडतात. याला नाही."

"मग याला काय आवडतं?"

"गार हवा."

दुसऱ्याच दिवशी वायरमन बोलावून माझ्या डोक्यावर पंखा बसवला गेला. गोपाळकृष्णांच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

मित्रांनो, काम मी जीव लावून केलं. नाव, शिक्षण, उंची, गोत्र, पगार, आणि मग 'अपेक्षा'. या एका रकान्यात मी बदलतं पुणं पाहिलं. मी आलो तेव्हा मुलींना बँकेतला मुलगा हवा असे. वर्षभरात सगळ्यांना सॉफ्टवेअरवाला हवा झाला, तोही अमेरिकेतला. पुढे तिकडच्या नोकऱ्या गेल्या आणि मुलं परत यायला लागली, तेव्हा त्याच मुलींचे वडील जिना चढून आले. "ते 'परदेशस्थ' तेवढं खोडा हो दुर्गाबाई. इथला असला तरी चालेल."

सगळ्यांत शेवटचा रकाना होता 'शेरा'. तो कोणालाही दाखवायचा नसे. दुर्गाबाईंनी स्वतःसाठी ठेवला होता. मुलगा बघून झाला की त्या संध्याकाळी तिथे लिहीत, "उंची दोन बोटं कमी. चप्पल काढल्यावर कळलं." किंवा, "मुलगा चांगला. आई बोलू देत नाही." एकाच्या पुढे होतं, "पगार खरा, केस खोटे."

सगळे शेरे असे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. दोन हजार एक साली रतन नावाची एक मुलगी आली. दाराकडे दोनदा बघून ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि रडत रडत दुर्गाबाईंना एक गोष्ट सांगून गेली. तिचं योग्य ठिकाणी जमावं म्हणून दुर्गाबाईंना ती माहीत असणं गरजेचं होतं. त्यांनी ती माझ्याजवळ लिहून ठेवली. ती गोष्ट काय होती ते मी तुम्हाला सांगणार नाही. दुर्गाबाईंनी नवऱ्यालाही सांगितली नाही. रतनचं लग्न त्याच वर्षी झालं. आता ती पलीकडच्याच गल्लीत राहते, भाजी घेताना खालून हात करते.

हळूहळू लोक घरबसल्या आपापली स्थळं बघू लागले. जिना चढणारे कमी झाले. माझा पंखा घरघरू लागला, अभ्र्याची झालर उसवली. पूर्णिमाने आईला नवा लॅपटॉप आणून दिला. माझ्यावर मग पेपरांची रद्दी आणि औषधांचा डबा ठेवला जाऊ लागला. मला वाईट वाटलं नाही म्हणणार नाही. पण दुर्गाबाई मधूनच औषधाचा डबा उचलून मला सुरू करत, पूर्णिमाचं पान उघडत, काहीतरी बदलत आणि बंद करत. नवीन लिहिलं की जुनं पान काढून टाकत. तेवढं काम मला शेवटपर्यंत होतं.

अखेर गोपाळकृष्णांनीच गिऱ्हाईक आणलं. अकोल्याहून आलेला बद्रीनाथ स्वारगेटजवळ टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान टाकत होता, त्याला स्वस्तातला संगणक हवा होता. रविवारी पाच वाजता न्यायला येतो म्हणाला. दुर्गाबाईंना नाही म्हणायला कारण सापडेना.

रविवारी सकाळी गोपाळकृष्णांनी स्वतः सगळ्या फायली निवडून पडद्यावरच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या आणि टोपली रिकामी केली. "पाच मिनिटांचं काम," म्हणाले. दुर्गाबाई आतच होत्या. बाहेर आल्या तेव्हा पडदा कोरा होता. मला दिसलं, त्यांना जरा हलकं वाटलं. आपल्या हाताने करावं लागलं नाही ना!

अडीचच्या सुमाराला उत्तरेश्वर आला. हा बार्शीकडचा मुलगा इतकी वर्षं माझी दुरुस्ती करत आला होता. माझा पंखा तेवढा बदलून द्यायला त्याला बोलावलं होतं. त्याने सहज विचारलं, "काकू, माहिती पुसली का आतली?"

"मी पुसली. टोपलीसुद्धा रिकामी केली," गोपाळकृष्ण म्हणाले.

उत्तरेश्वर हसला. "काका, दारावरची पाटी काढली तुम्ही. आतली माणसं आहेत तिथंच."

"म्हणजे?"

"कुठलं घर कुणाचं एवढंच पुसलं गेलं. मजकूर जागेवर हाय. जाणकार माणसाला दहा मिनिटं लागतील. थांबा, दाखवतो."

त्याने एक सीडी माझ्यात घातली. खरंच दहा मिनिटांत पडद्यावर नावं उगवू लागली. एकामागून एक, सकाळी गेलेली, सहा वर्षांपूर्वी गेलेली. त्यांत रतनचं नाव आलं आणि त्याच्यासमोर शेऱ्याची पहिली ओळ.

दुर्गाबाईंनी पडद्यावर आडवा हात ठेवला. "झाक ते! आधी झाक!" मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "हे त्या झेरॉक्सच्या दुकानात गेलं असतं? अहो, तिने माझ्या भरवशावर सांगितलं होतं."

गोपाळकृष्णांनी पेपर खाली ठेवला.

मित्रांनो, इथे मला तुमच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत. आम्ही जुने होतो, तुम्ही आम्हाला विकता, त्यात वावगं काही नाही. दुसऱ्या घरी चार वर्षं आणखी काम करायला आम्हाला आवडतं. मात्र फाईल टोपलीत टाकली म्हणजे ती गेली असं समजू नका. जुन्या प्रत्येक अक्षरावर नवं काहीतरी लिहिलं गेलं, तरच जुनं खऱ्या अर्थाने जातं. हवं ते आधी काढून ठेवा, मग जाणत्या माणसाकडून आम्हाला पूर्ण पुसून घ्या. माझ्या फायली गेल्या. कानांनी ऐकलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं तेवढं माझ्याजवळ उरलं आहे, आणि त्यातलंही सगळं मी सांगत नाही. एवढी काळजी तुम्ही स्वतःसाठी घेतली नाहीत तरी चालेल. तुमच्यापाशी येऊन खुर्चीच्या कडेवर बसलेल्या माणसासाठी घ्या.

तर उत्तरेश्वर म्हणाला, "आता कानाकोपऱ्यात शून्यं लिहितो. दीड-दोन तास लागतील. पण काकू, त्यानंतर कुणाच्या बापाला परत काढता येणार नाही. काही ठेवायचं असलं तर आत्ता सांगा." आणि यादी वर सरकवता सरकवता तो थांबला. "या आपल्या पूर्णिमाताईच ना? बारा फायली आहेत. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस... हे काय, वयं आहेत का?"

दुर्गाबाई दरवर्षी जुनं पान काढून टाकत होत्या, ती सगळी पानं वर आली होती.

पूर्णिमा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे माझ्या टेबलावर ठेवला आणि उत्तरेश्वरच्या हातातून माऊस घेतला.

सव्विसाव्या वर्षीच्या पानावर अपेक्षा होती: 'उच्चशिक्षित, पुण्यात स्वतःची जागा, उंची पाच आठच्या वर.' शेऱ्यात लिहिलं होतं, "स्वयंपाक येतो असं लिहिलंय. येत नाही." पूर्णिमा हसली. तिसाव्या वर्षी पुणं गेलं होतं. तेहतिसाव्या वर्षी उंची गेली. पस्तिसाव्याला, 'घटस्फोटित चालेल, मूल असल्यास हरकत नाही.' छत्तिसाव्याला एकच शब्द होता, 'समजूतदार.'

सदतिसाव्या वर्षीच्या पानावर अपेक्षेचा रकाना रिकामा होता. शेऱ्यात लिहिलं होतं, "तिला विचारायचं राहिलं."

ते वाचून पूर्णिमाचा हात माऊसवरच राहिला. गोपाळकृष्णांनी चष्मा काढला आणि पुसायला सदऱ्याचं टोक शोधू लागले. उत्तरेश्वरला आपलं काय चुकलं ते कळेना.

"काकू, एवढी एक बाजूला ठेवू का? सीडीवर काढून देतो."

दुर्गाबाई खुर्चीत बसल्या, माझ्या शेजारच्या, जिथे सगळे बसत. त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने नजर चुकवली नाही.

"नको," दुर्गाबाई उत्तरेश्वरला म्हणाल्या, पण बघत होत्या पूर्णिमाकडेच. "सगळ्यांबरोबर तीही पूस. आमच्या पूर्णिमाला लग्न करायचं नाहीये."