रिकाम्या सीटपुढचं हँडल

बस गा इथं, बूड टेकव. चहा सांगतला आहे. तो येईपर्यंत तुले कन्हानची गोठ सांगतो. रक्ताची आहे, मांगून म्हणू नको का आधी सांगतलं नाई.

कन्हानच्या विश्वनाथचं वेल्डिंगचं दुकान. गड्यानं घरीच विमान बनवलं. अल्युमिनियमचे पाइप, जुन्या गाडीचं इंजिन, अन् पंखाचं कापड शिवलं शेजारच्या सिंधूताईनं. सिंधूताई कोष्ट्याच्या घरची, उभी जिंदगी हातमागावर गेली. सोमवारी विमान उडालं, झाडाइतकं वर गेलं, डावीकडे कललं, अन् डावा पंख धाडकन जमिनीत घुसला. विश्वनाथच्या दोन्ही मांड्या मोडल्या, जबडा फुटला. दवाखान्यात पडला, तोंड तारेनं बांधलेलं. बोलन कसा?

बुधवारी त्याच मैदानात पाचशे माणूस!

मधात मोडकं विमान, धड राहिलेल्या उजव्या पंखावर लाल चादर, अन् समोर पवनबाबा. गेल्या सालापर्यंत काटोलले संत्र्याच्या पेट्या ठोके. आता म्हणे वारा त्याच्या मुठीत! अन् विमानात म्हणे कोणंतरी करणी करून प्रेत बसवलं!

"सीट रिकामी आहे ना?" बाबा गरजला.

"रिकामीच आहे, बाबा!"

"बोल रे प्रेता! कोणं पाडलं? बायकोनं?"

अन् रिकाम्या सीटपुढचं हँडल गदागदा हललं. आपोआप! बाया किंचाळल्या, माणसायनं हात जोडले.

विश्वनाथची बायको गोपिका तिथंच उभी होती. पहिली झापड सख्ख्या दिरानं मारली, अंकुशनं. मंग कोणी केस धरले, कोणी पोटात लात घातली. विटेचा तुकडा भुवईवर बसला, डोया रक्तानं भरला. मनगट पिरगाळलं तं हाड वाजलं.

"जीभ कापा!" बाबा म्हणे. "मंतर जिभेत राहते!"

एक जण खरंच विळा आणाले पळाला.

सिंधूताई गर्दीत घुसली. खांद्यावर काठी बसली, तिनं पाहिलंबी नाई. तिची नजर चादरीवर होती. आधी चादर जराशी हले, मंग हँडल हले. चाळीस वर्षं तिनं खाली पावडी दाबून वरचे दोरे उचलले होते. दोरीचं एक टोक ओढलं का दुसरं हलते, हे तिच्या पायायलेच ठाऊक.

तिनं चादर खसकन ओढली. खाली बाबाचा चेला उकिडवा बसून पंखाच्या मागची झडप दोन्ही हातानं वर-खाली करून राहिला होता!

"हे घ्या तुमचं प्रेत! घामबी येते याले!"

"बुढ्ढे, जळशीन!" बाबा ओरडला.

"जळीन. आधी तुह्या चेल्याले उठव."

अंकुशच्या हातात अजून वीट होती. "मंग विमान पडलं काहून?"

"तूच पाह्य. विश्वनाथ मले सांगे, हँडल उजवीकडे केलं का उजवी झडप वर उठाले पाहिजे. ढकल."

अंकुशनं ढकललं. झडप खाली गेली.

"उलटी! रविवारी त्यानं हँडलपासून झडपेपर्यंत नवे वायर टाकले, ते अदलाबदल झाले. विमान डावीकडे कललं, त्यानं सावराले हँडल उजवीकडे केलं, अन् ते अजूनच डावीकडे गेलं."

"उडाच्या आधी पाहिलं नसन त्यानं?"

"दर खेपेले पाहे. सोमवारी या बाबानं झडपायले दोरा बांधला. मुहूर्ताचा नारळ फुटेपर्यंत हात लावाचा नाई म्हणे. नारळ फुटला, दोरा तोडला, अन् विश्वनाथ सीधा उडाला."

गोपिका रक्त थुकत उठून बसली. "चूक तुमच्या भावाची निघाली, भाऊजी," ती म्हणे. "जा आता दवाखान्यात. वीट घेऊन जा."



पोलीस आले. बाबा अन् चेला जादूटोण्याच्या कायद्याखाली आत गेले, मारणाऱ्यायवरबी केस झाली. गोपिकाचा डावा डोया काही वापस आला नाई.

वारा कोणाच्या मुठीत राहत नाई गा, अन् वायरमध्ये प्रेत राहत नाई. वायर चुकीचा लागते, अन् तो पाहाले आपले दोन डोये पुरतात. घे, चहा आला. पण माह्यं एक काम कर. उद्या तुह्या मोहल्ल्यात कोण्या बाईकडे बोट दाखवून गर्दी जमली, तं घरात बसू नको. पुढं घुस, अन् आधी चादर उचलून पाह्य.