युस्टिनाचं वर्षाचं वचन

नववर्षाच्या सकाळी प्रार्थनाघरात टोपली फिरते. प्रत्येकाने डोळे मिटून एक चिठ्ठी उचलायची आणि तिच्यावरचं बायबलचं वचन वर्षभर पाळायचं. बदलून मागायची सोय नाही. म्हाताऱ्या युस्टिनाला आलं, ‘ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश.’ तिने ते मोठ्याने वाचलं आणि सगळ्या बाकांवर एकदम हसू दाबणारा खोकला सुरू झाला. किर्गिझ मुलखातल्या चुई खोऱ्यातल्या त्या जर्मन वस्तीत युस्टिनापुढे पास्टरसुद्धा बोलणं आटोपतं घ्यायचे.

पण बाई हट्टाची. तिने त्याच दिवशी तोंडाला कुलूप घातलं. दुकानदाराने शिळा पाव दिला, तो निमूट घेतला. ही खरंच वचन पाळतेय यावर वस्तीचा विश्वास बसेना; त्यांना वाटलं, हिला काहीतरी दुखतंय.

वसंतात तिचा मुलगा कोर्नेलिउस जेवता जेवता म्हणाला, निम्मी वस्ती जर्मनीला गेली, घर विकून आपणही तिथे मावशीकडे जाऊ या का? हे घर युस्टिनाच्या नवऱ्याने हाताने बांधलेलं, तो इथेच टेकडीवर पुरलेला. तिला कुठेही जायचं नव्हतं. पण वचन म्हणजे वचन. ती सूप ढवळत राहिली. जी बाई मिठाच्या खड्यावरूनही वाद घालते ती गप्प बसली, म्हणजे तिला जायचंच आहे, असं कोर्नेलिउसने धरलं आणि गिऱ्हाईक आणलं.

गिऱ्हाईक म्हणजे शेजारचा किर्गिझ तुर्दुबेक. त्याने घर पाहिलं, गोठा पाहिला, चहाही घेतला. मग चहा पुरे म्हणून पेला पालथा घालून युस्टिनासमोर बसला.

“आपा, घरातल्या वडीलधाऱ्या बाईने आशीर्वाद दिल्याशिवाय मी घर घेत नाही. तुम्ही मनापासून हो म्हणा.”

युस्टिना सावकाश राहिली. इतकी सावकाश, की तुर्दुबेकने पालथा पेला पुन्हा सुलटा करून आणखी चहा घेतला. शेवटी ती म्हणाली, “नाही.”

कोर्नेलिउस मटकन बाकावर बसला. “मग आई, इतके दिवस बोलली का नाहीस? मला तरी कुठे जायचंय? तुला बहिणीची ओढ लागलीय असं वाटलं म्हणून मी निघालो होतो. रोज गोठ्यात गाईजवळ रडतोय.”

“तो तू होतास? मला वाटलं गाईलाच सर्दी झालीय. मी आपली वचन पाळत होते.”

“वचनात ऐकायचं आधी आहे, आई.”

युस्टिनाला खरोखरच लाज वाटली. इतके दिवस ती जीभ आवरण्यात एवढी गुंतली होती, की पोराचा आवाजही तिला ओळखता आला नव्हता. तुर्दुबेक हसत उठला, म्हणाला, शेजार टिकला हे बरं झालं, आणि गेला.

मग युस्टिना मुलाशेजारी बसली. “आता तू बोल.”

कोर्नेलिउस बोलू लागला. बापाबद्दल, एकटेपणाबद्दल, आणि आईच्या जिभेबद्दलही. त्यातल्या निम्म्या गोष्टी साफ चुकीच्या होत्या. तरी त्याचं संपेपर्यंत तिने मध्ये एक शब्द टाकला नाही. इतक्या दिवसांच्या मौनापेक्षा तेवढा एक तास तिला जास्त जड गेला.