नऊ जुन्या लिफ्ट

पुढच्या तीन वर्षांचं एकदा काय ते ठरवून टाकू, म्हणून मॅडमनी शनिवारी दहा वाजता सगळ्यांना बोलावलं. लिफ्टच्या देखभालीचा त्यांचा धंदा, कामाला अकरा माणसं. सकाळपासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. फळ्यावर त्यांनी चौदा उद्दिष्टं लिहिली होती. नवी कार्यशाळा, दुसऱ्या शहरात शाखा, दवाखान्यांचं काम. तासाभरात ती एकोणीस झाली, कारण जो तो भर घालत होता आणि नको कुणीच म्हणत नव्हतं.

मोठे मिस्त्री तेवढे फोन वाजला की उठून बाहेर जात. तिसऱ्यांदा उठले तेव्हा मॅडम वैतागल्या.

“मिस्त्री, आज तरी बसा. भविष्याचं बोलतोय आपण.”

“तुम्ही भविष्य बघा. तिकडे एक बाई दोन मजल्यांच्या मधे अडकल्यात, त्यांच्या वर्तमानाचं मी बघतो,” म्हणून ते गेले.

दीड तासानं परतले ते काळ्या हातांनी, आणि तक्रारींची वही त्यांनी टेबलावर ठेवली. “याच लिफ्टला महिन्यात चौथ्यांदा गेलो.”

मॅडम पानं चाळू लागल्या. वर्षभरातल्या निम्म्याहून जास्त तक्रारी नऊ जुन्या लिफ्टच्या होत्या. त्यांचे दरवाजे झिजून अडकत होते, पण तिथले लोक ते बदलायचं नाव काढत नव्हते.

“म्हणजे आपली निम्मी माणसं या नऊंच्या मागे धावतायत, आणि मी नव्या शाखेच्या गप्पा मारतेय.” त्यांनी फळा पुसला. दुपारपर्यंत त्यावर तीनच ओळी होत्या. पहिली ओळ: नऊ इमारतींना सहा महिन्यांची मुदत. दरवाजे बदला, नाहीतर दुसरा माणूस बघा.

मिस्त्री म्हणाले, “त्यातली एक माझ्या ताईची इमारत आहे. पाचवा मजला. तिचे गुडघे गेलेत.”

“मग ती वगळू या.”

“नको. एक वगळली की उद्या प्रत्येकाची आत्या, मावशी निघेल. फक्त तिथं सांगायला मी जाईन.”

दर पहिल्या सोमवारी आढावा घ्यायचं ठरलं. सहा इमारती तयार झाल्या, दोन इमारतींनी दुसरीकडे काम दिलं. ताईच्या इमारतीचं मात्र आज-उद्या चाललेलं. मॅडमना चैन पडेना. सोमवारची वाट न बघताच त्या मिस्त्रींना गाठून विचारत, “काही हललं का?” ते नकारार्थी मान हलवत.

मुदत संपली तेव्हा मिस्त्रींनी स्वतः जाऊन लिफ्टच्या मशीनखोलीच्या चाव्या परत केल्या. ताई दारात उभी होती.

“सख्खा भाऊ असून अंग काढून घेतोस?”

“ताई, मी ठिगळं लावतोय म्हणून ती चालते. एक दिवस दार भलत्या वेळी उघडेल.”

ताईनं दार लावून घेतलं.

तीन आठवड्यांत लिफ्ट पार बंद पडली. रोज संध्याकाळी मिस्त्री ताईचा बाजार पाच मजले चढून नेऊन ठेवत. ती पिशवी घेई, बोलत नसे. शेवटी इमारतीनं पत्र पाठवलं: दरवाजे बदलून द्या. मॅडम लगेच माणसं पाठवायला निघाल्या, पण दवाखान्यांचं काम नुकतंच सुरू झालं होतं आणि माणसं तिथं गुंतली होती. मिस्त्रींनीच अडवलं. “नंबर आला की करू.”

नंबर यायला बारा दिवस लागले. नवे दरवाजे बसले त्या दिवशी ताई आत शिरली आणि भावाकडे न बघता तिनं पाचचं बटण दाबलं.

सोमवारी मॅडमनी विचारलं, “रुसवा गेला का हो?”

“नाही अजून,” मिस्त्री म्हणाले. “पुढचा मुद्दा घ्या.”