दोघी जिथे भेटतील तिथे

पुण्यात नागझरीच्या ओढ्यापलीकडे माळ होता. तिथे नवी पेठ वसवायची असं सरकारानं ठरवलं आणि कौल जाहीर झाला. जो येऊन घर बांधील, धंदा मांडील, त्याला काही वर्षं कर माफ, वेठ माफ. कौल ऐकून पैठणचे कोष्टी आले, कोकणातले तांबट आले. कोष्ट्यांनी माग मांडले, तांबटांनी भट्ट्या पेटवल्या. घरं भराभर उभी राहिली, पण दोन्ही आळ्यांचं एकमेकींशी जमेना. तांबटांच्या हातोड्यांनी कोष्ट्यांची डोकी उठायची, आणि कोष्टी म्हणजे नुसते कुरकुरे, असं तांबट म्हणायचे.

कोष्ट्यांच्या आळीतल्या आनंदीला हे फार जड जात होतं. तिचा नवरा अनंत एकदा मागावर बसला की जेवायला उठवावा लागे. पैठणला तिच्या दारावरून जाणारी गायसुद्धा ओळखीची होती. इथे बोलायचं कुणाशी?

बोलायची सोय झाली ती ओढ्यावर. पाण्याला सगळ्याच बायका तिथे यायच्या. एकदा घागर भरून आनंदी निघाली, तर मागून हाक आली, "अगं ए कोष्ट्याची, जरा हात लाव की! हांडा उचलेना मला."

हाक मारणारी सोजरबाई होती, तांबटांचे म्होरके गोपाळशेट यांची आई. गुडघे धरलेले, पण जीभ मोकळी. आनंदीनं हांडा तिच्या डोक्यावर चढवला. त्या दिवसापासून दोघी वाटेत थांबू लागल्या. आधी दुखण्याखुपण्याचं, मग सुनांचं, मग सगळ्या पुण्याचं बोलणं निघू लागलं.

उन्हाळा चढला तसा ओढा आटत चालला. दोन्ही आळ्यांनी वेगवेगळं गाऱ्हाणं घातलं आणि सरकारवाड्यातून दिगंबरपंत कारकून आले. बरोबर जमिनीखालचं पाणी सांगणारा पाणाड्या होता. त्यानं माळभर फिरून सांगितलं, की या दोन आळ्यांमधल्या पट्ट्यात कुठेही खणा, पाणी लागेल.

"झालं तर मग," दिगंबरपंत कडुनिंबाखाली बसत म्हणाले. "सरकार बेलदार देईल, चुना देईल, दगड देईल. विहीर कुठे हवी ते तुम्ही सगळ्यांनी मिळून सांगा."

"आमच्या आळीच्या तोंडाशी," गोपाळशेट म्हणाले. "भट्टीला पाणी लागतं."

"आणि आम्ही सूत काय थुंकीनं भिजवायचं?" अनंत उसळला. मागावरून उठला होता तो एवढ्याचसाठी.

बोलाबोलीत ऊन डोक्यावर आलं. शेवटी कुणीतरी म्हणालं, "पंत, आपणच ठरवा ना. सरकारचा शब्द कोण मोडतोय?"

दिगंबरपंतांनी पागोटं सारखं केलं. "आम्ही ठरवली तर ती सरकारची विहीर होईल. मग तिचा गाळ काढायलाही तुम्ही कचेरीचा उंबरा झिजवाल. तुम्ही ठरवलीत तर तुमची. एकमत झालं की निरोप धाडा, दुसऱ्या दिवशी बेलदार हजर करतो. घाई नाही. आम्ही पाणी पिऊनच आलो आहोत."

एवढं बोलून ते चालते झाले.

त्यानंतर दोन्ही आळ्यांत नुसती धुसफूस. ओढ्यात आता खड्डा खणून वाटीनं घागर भरायची वेळ आली होती. वाटीमागून वाटी ओतता ओतता आनंदी म्हणाली, "सोजरबाई, पुरुषांना चालावं लागत नाही, म्हणून त्यांना ठरवता येत नाही."

"मग?"

"आपण चालून बघू. तुमच्या आळीतलं सगळ्यात संथ पाऊल कुणाचं?"

"माझंच मेलं."

"आमच्यात मैनाचं. तिला आठवा लागलाय. तुम्ही तुमच्या आळीच्या टोकापासून निघा, ती आमच्या टोकापासून निघेल. दोघी जिथे भेटाल तिथे विहीर. जिला चालणं सगळ्यात अवघड तिला जवळ पडली, की बाकीच्यांनी काय बोलावं?"

सोजरबाई हसता हसता खालीच बसली. "गोपाळ नाही म्हणाला तर त्याचं जेवण बंद!"

गोपाळशेट आधी नाहीच म्हणाले. पण दुपारी चूल पेटली नाही, आणि शेजारच्या कुठल्याच घरी पेटली नाही, तेव्हा त्यांना ही कल्पना एकदम न्याय्य वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पेठ रस्त्यावर. एका टोकाला कमरेवर रिकामी कळशी घेऊन सोजरबाई, दुसऱ्या टोकाला पोट सांभाळत मैना. आनंदीनं मधोमध उभं राहून पदर हलवला आणि दोघी निघाल्या.

थोडं चालणं झालं आणि पुरुषांच्या डोक्यात प्रकाश पडला, की आपलं माणूस जितकं हळू चालेल तितकी विहीर आपल्या दाराशी!

"आई, हळू! घाई काय आहे?" गोपाळशेट ओरडले. उभ्या जन्मात त्यांनी आईला असं सांगितलं नव्हतं.

"मैने, बस जरा, दम खा!" कोष्टी ओरडले. कुणी तिच्यासाठी पाट आणला, कुणी पंखा आणला. तिकडे तांबटांनी सोजरबाईला गूळपाणी दिलं. ती ते चवीचवीनं पिऊ लागली.

पुढे तर पाऊल पडेना. दोघी समोरासमोर येऊन उभ्या. मध्ये हाकेचं अंतर, आणि दोन्ही बाजूंनी "थांबा, थांबा"चा गजर. आनंदीला हसू आवरेना. तेवढ्यात मैनानं पाटावरून उठून मोठ्यानं विचारलं, "सोजरबाई, तुम्हाला पण तहान लागलीय का हो?"

"गूळपाण्यानं आणखीच लागली!"

"मग या की!"

आणि दोघी एकदम चालू लागल्या. सोजरबाई गुडघे विसरली, मैना पोट सांभाळत झपझप आली. "हळू, हळू" म्हणत दोन्ही आळ्या मागून धावल्या आणि त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या तिथे आपोआप सगळी पेठ गोळा झाली. कोण कोष्टी आणि कोण तांबट, गर्दीत ओळखू येईना. गोपाळशेटनी आधी आईकडे पाहिलं, मग अनंताकडे, आणि दोघांना एकदमच हसू फुटलं.

निरोप गेला. दिगंबरपंत दिल्या शब्दाला जागले, दुसऱ्याच दिवशी बेलदार आणि चुन्याच्या गाड्या आल्या. खणताना कातळ लागला. बेलदारांच्या पहारी बोथट व्हायच्या, त्यांना तांबटांच्या भट्टीत धार लागू लागली. माती वर ओढायला दोर कमी पडले, तेव्हा कोष्ट्यांच्या बायकांनी ते अंगणात वळून दिले. दुपारची भाकरी आळीपाळीनं दोन्हीकडून येऊ लागली, आणि कोणाचं कालवण चांगलं यावर नवं भांडण सुरू झालं. ते मात्र कुणालाच मिटवायचं नव्हतं.

कातळाच्या फटीतून पाणी फुटलं तेव्हा खालून बेलदाराची आरोळी आली. दिगंबरपंत पाहणीला आलेच होते. सोजरबाईनं पहिला तांब्या त्यांच्यापुढे धरला.

"आज पाणी पिऊन आला नाहीत ना?"

"आज मुद्दाम तहानलेले आलो आहोत," पंत म्हणाले आणि तांब्या एका दमात रिकामा केला. मग मिशा पुसत म्हणाले, "विहिरीभोवती जागा बरीच आहे. आठवड्याचा बाजार भरवायचा असेल तर सरकारची मंजुरी आहे. व्यवस्था दोन्ही आळ्यांच्या पंचांनी बघावी. आम्ही काही ठरवणार नाही."

"नकाच ठरवू," गोपाळशेट म्हणाले. "आम्हाला आता येतं."

बाजार भरू लागला तसे तेली आले, माळी आले, आणि माळाची खरंच पेठ झाली. मैनाला मुलगी झाली. बारशाला कोष्ट्यांनी दुपटं विणलं, तांबटांनी घुंगरांचा वाळा घडवला. पाळण्याची एक दोरी सोजरबाईच्या हाती, दुसरी आनंदीच्या. अंगणात जागा पुरेना म्हणून उशिरा आलेल्या बायका रस्त्यावरच बसल्या, आणि तिथूनच त्यांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली.