सत्काराची शाल

"साहेब, उद्या दहाला पालिकेची गाडी येणार. कोणाला तरी बोला ना," खांद्यावर शाल पडता पडता रामअवध पुटपुटला.

"फोटोकडे बघ," नवे नगरसेवक विक्रांतराव चेहऱ्यावरचं हसू ढळू न देता म्हणाले.

जौनपूरहून येऊन रामअवधला सत्तावीस वर्षं झाली होती. प्रभादेवीच्या गल्लीत फुटपाथवर एक टेबल आणि कोळशाची इस्त्री, एवढ्यावर त्याने संसार रेटला. धाकटी यंदा बारावीला होती. निवडणुकीत विक्रांतरावांनी "तू आमचाच रे" म्हणत त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि हा भाबडा चढला. गाववाल्यांची साठ घरं त्याने मतदानाला नेली. इस्त्रीच्या प्रत्येक गठ्ठ्यात साहेबांचं पत्रक घातलं. त्यातलं पहिलंच वचन होतं, मोकळे फुटपाथ. ते त्याने वाचलंही होतं. पण ते समोरच्या नव्या हातगाडीवाल्यांसाठी असणार, आपण तर गल्लीतलेच, असं तो धरून चालला. निकालानंतर आठवड्यात टेबल उचलण्याची नोटीस आली, तेव्हा त्याची पाचावर धारण बसली.

विक्रांतरावांनी माइक घेतला. "हे आमचे उत्तर भारतीय भाई नसते, तर मी आज इथे नसतो! यांचे उपकार विसरणार नाही. आणि दिलेला शब्दही पाळणार. उद्यापासून फुटपाथ मोकळे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. साठ घरांनीही टाळ्या वाजवल्या.

स्टेजच्या पायऱ्यांशी रामअवधने वाट अडवली. "साहेब, पाया पडतो. पोरीची परीक्षा तरी होऊ द्या!"

"अरे, कायद्यापुढे मी कोण? मयूरशी बोल."

साहेबांचं कार्यालय सांभाळणारा मयूर शाली गोळा करत होता. त्याने रामअवधच्या खांद्यावरचीही काढली आणि सगळा ढीग त्याच्याच हातात दिला.

"भैया, उद्या लोअर परळला सत्कार आहे. जरा इस्त्री मारून ठेव. नऊला येतो."

"दहाला गाडी येते, मयूरभाऊ."

"म्हणून तर नऊला."

त्या शाली गटारात फेकाव्यात, असं रामअवधला वाटलं. रडू येत होतं, संतापही येत होता. पण सकाळी सहाला त्याने कोळसे पेटवले. हाताला दुसरं काही येतच नव्हतं.

बाराव्या शालीच्या काठावर काळा डाग निघाला. त्याच्याच कोळशाने माखलेल्या अंगठ्याचा. काल ती त्याच्या खांद्यावर होती, आज दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर पडायची होती. त्याने ओल्या फडक्याने डाग घासून काढला, शालीची घडी घातली आणि नऊ वाजायची वाट बघत टेबलाला हात टेकून उभा राहिला.