जळवांनी तोंड फिरवलं

शिंपीमास्तरांच्या नडगीवरची जखम चौदा महिने भरायचं नाव घेत नव्हती. मलमं झाली, पट्ट्या झाल्या, आणि शेवटी मोठ्या डॉक्टरांनी सोमवारी पाय काढायचं ठरवलं. आता ज्या माणसाने तीस वर्षं पायाने मशीन हाणून घर चालवलं, त्याचा पायच काढला तर मागे उरतं काय? म्हणून शुक्रवारी मास्तरीणबाई त्यांना वैद्यबाईंकडे घेऊन आल्या.

वैद्यबाईंनी जळवांची बरणी उघडली आणि स्पष्टच सांगितलं, "जळू मेलेल्या मांसाला तोंड लावत नाही. आज जखमेच्या कडेला धरली नाही, तर मी खोटी आशा दाखवणार नाही."

पहिली जळू पुढे सरकली, थबकली आणि वळून बशीत उतरली. दुसरीने तेच केलं, तिसरीनेही.

"व्याह्यांपेक्षा जास्त मान हवाय यांना," मास्तर म्हणाले. हसायला मात्र कुणी धजावलं नाही. वैद्यबाई बरणीचं झाकण शोधू लागल्या.

मास्तरीणबाईंना सकाळचं आठवलं. सकाळी जखमेच्या वासाची त्यांना लाज वाटली होती. चारचौघांत नवऱ्याला कुणी नाक मुरडू नये म्हणून त्यांनी पाय सुगंधी साबणाने खसाखसा घासला होता, वर अत्तराचं बोटही फिरवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांना क्षणभर वाटलं. पण सव्वा लाख गेले खड्ड्यात, इथे पाय चालला होता. त्यांनी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं.

वैद्यबाई रागावल्या नाहीत. त्यांनी साध्या पाण्याने तो पाय चारदा धुतला, स्वतः वाकून हुंगला, पुन्हा धुतला. मग तीच पहिली जळू उचलून कडेला ठेवली.

जळू थांबली. तिने चाचपलं. मग मान कमानीसारखी उचलून ती जागीच रुतली, आणि तिच्या अंगातून संथ लाटा मागे सरकू लागल्या. बोटाएवढा जीव, ना हात ना पाय, पण मोठमोठ्यांना न उमगलेलं त्याला कळलं होतं. मास्तरीणबाई वाकून बघू लागल्या.

"टोचलं गं," मास्तर हळूच म्हणाले.

मागच्या महिन्यात याच नडगीत शिवणाची सुई अर्धी घुसली होती आणि त्यांना पत्ताही नव्हता. मास्तरीणबाईंनीच ती उपसून काढली होती. "काय म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"दुखतंय," मास्तर म्हणाले आणि लहान मुलासारखे रडू लागले. मास्तरीणबाईंनी नकळत त्या जळवेला हात जोडले.

"मोठ्या डॉक्टरांशी मी बोलते, तारीख पुढे ढकलू," वैद्यबाई म्हणाल्या. "सोमवारी इकडेच या. साबण तेवढा घरी ठेवा."